रस्टमध्ये कर्नल ट्रेसिंगची लायब्ररी: मॅक्रो शेवटी, आधी लोडर

ईबीपीएफ ट्रेसिंगसाठी, म्हणजे लिनक्स कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवून तिथे काय चाललंय ते बघण्यासाठी, रस्टमध्ये लायब्ररी लिहायला घेणारे बहुतेक जण उलट्या टोकापासून सुरू करतात. पहिल्याच आठवड्यात सुंदर मॅक्रो तयार असतात, फंक्शनच्या डोक्यावर एक ॲट्रिब्यूट लावलं की झाला केप्रोब (कर्नलच्या फंक्शनवर लावलेला सापळा), आणि मग लोड करताना कर्नल फक्त ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणतो आणि गप्प बसतो. आता चूक मॅक्रोत आहे, ईएलएफ (कंपाइल झालेली ऑब्जेक्ट फाईल) वाचण्यात आहे, सिस्टिम कॉलच्या स्ट्रक्टमध्ये आहे की व्हेरिफायरला (लोड करताना प्रोग्रॅम सुरक्षित आहे का ते तपासणारा कर्नलचा भाग) प्रोग्रॅमच पटला नाही, हे कसं शोधणार? म्हणून खाली क्रम दिलाय तो खालून वर जाणारा आहे, आणि प्रत्येक टप्प्याची तपासणी पास झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तुम्हाला फक्त एखादं टूल हवं असेल तर आया किंवा लिबबीपीएफ-आरएस या तयार लायब्ररी वापरा, दोन्ही चांगल्या आहेत. हा लेख लायब्ररी स्वतः लिहिणाऱ्यांसाठी किंवा अशा लायब्ररीत पॅच पाठवायचा विचार करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण एकच धरू: कुठली प्रोसेस कुठली फाईल उघडतेय ते पकडायचं, म्हणजे ओपनॲट हा सिस्टिम कॉल.

## टप्पा १: मशीन आणि टूलचेन

ऑफिसच्या सर्व्हरवर प्रयोग करू नका, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर रूट मिळेल याची आशाही सोडा. एक व्हीएम घ्या, लॅपटॉपवर किंवा क्लाऊडच्या मुंबई रीजनमध्ये छोटं मशीन, काहीही चालेल. मुंबईतल्या कितीतरी ऑफिसांत आता एम सिरीजचे मॅक असतात, त्यावरची लिनक्स व्हीएम एआरएम६४ असते आणि प्रॉडक्शनचे सर्व्हर बहुतेक एक्स८६-६४. हा फरक रजिस्टर वाचताना थेट आडवा येतो, तेव्हा दोन्ही आर्किटेक्चरचं एकेक मशीन हाताशी असू द्या.

डेव्हलपमेंटला ५.१५ किंवा त्यापुढचा कर्नल घ्या. रस्टचं बीपीएफ टार्गेट टिअर ३ मध्ये येतं, म्हणजे कोअर लायब्ररी तयार बिल्ड होऊन मिळत नाही, नाइटली टूलचेन घेऊन बिल्ड-एसटीडीने कोअर स्वतः बिल्ड करावी लागते आणि लिंक करायला बीपीएफ-लिंकर लागतो. नाइटलीची तारीख टूलचेन फाईलमध्ये पक्की करून ठेवा, नाहीतर आज चाललेला प्रोग्रॅम पुढच्या महिन्यात एलएलव्हीएम बदलला म्हणून व्हेरिफायर नाकारेल आणि तुम्ही आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसाल.

कार्गोच्या प्रोफाईलमध्ये कर्नलच्या बाजूसाठी, डेव्ह प्रोफाईललासुद्धा, ऑप्टिमायझेशन लेव्हल ३, पॅनिक म्हणजे ॲबॉर्ट, ओव्हरफ्लो चेक बंद, कोडजेन युनिट १. ऑप्टिमायझेशनशिवाय बिल्ड केलं तर इनलाइन न झालेली फंक्शन्स आणि स्टॅकवरच्या कॉप्यांचा असा ढीग होतो की व्हेरिफायरपर्यंत पोचण्याआधीच लिंकर हात टेकतो.

तपासा: /सिस/कर्नल/बीटीएफ/व्हीएमलिनक्स ही फाईल (बीटीएफ म्हणजे कर्नलच्या टाइपांची माहिती) आहे का, ट्रेसएफएस /सिस/कर्नल/ट्रेसिंग इथे माउंट आहे का, बीपीएफटूलची ‘फीचर प्रोब’ कमांड रूटने चालते का. यातलं एकही नसेल तर आधी ते नीट करा.

## टप्पा २: तीन क्रेट, आणि मधला क्रेट सगळ्यात महत्त्वाचा

वर्कस्पेसमध्ये तीन क्रेट ठेवा. एक कर्नलच्या बाजूचा, नो-एसटीडी (रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीशिवाय). एक यूजरस्पेसचा (कर्नलबाहेरची साधी प्रोसेस), लोडर म्हणजे प्रोग्रॅम कर्नलमध्ये चढवणारा कोड वगैरे. आणि मधला सामायिक, ज्यात फक्त दोन्हीकडे लागणारे स्ट्रक्ट. हा मधला क्रेट छोटा असतो म्हणून लोक त्याच्याकडे बघत नाहीत, आणि अर्ध्या रहस्यमय चुका इथूनच निघतात.

इथले नियम कडक ठेवा:

– प्रत्येक स्ट्रक्टला सी लेआउट लावायचाच. रस्टचा स्वतःचा लेआउट फील्डांची जागा हवी तशी बदलतो.
– पॅडिंग सोडायचं नाही. यू३२ नंतर यू६४ आलं की मध्ये ४ बाइटांचं भगदाड पडतं, तिथे स्पष्ट फील्ड टाका आणि शून्य भरा. असा स्ट्रक्ट हॅश मॅपची (मॅप म्हणजे कर्नल आणि यूजरस्पेस दोघांना दिसणारा तक्ता) की म्हणून वापरलात तर कर्नल बाइट न् बाइट तुलना करतो, पॅडिंगमधल्या कचऱ्यामुळे तीच की दुसऱ्यांदा सापडत नाही. जुने कर्नल तर न भरलेला स्टॅक हेल्परला (कर्नलने बीपीएफ प्रोग्रॅमला वापरायला दिलेलं फंक्शन) दिला म्हणून लोडच करत नाहीत.
– बूल, कॅरेक्टर, रस्टचा इनम, रेफरन्स यातलं काहीही या स्ट्रक्टमध्ये नको. कर्नलकडून आलेले बाइट कुठलेही असू शकतात, आणि बूलमध्ये २ आला तर रस्टच्या दृष्टीने ते अनडिफाइन्ड बिहेव्हियर आहे, फक्त चुकीची किंमत नव्हे.

यासाठी एक अनसेफ मार्कर ट्रेट करा, ‘पॉड’ म्हणा, आणि मॅप किंवा इव्हेंटमध्ये जाणाऱ्या प्रत्येक टाइपवर त्याची अट घाला. अनसेफ यासाठी की तो लावणाऱ्याने वरचे नियम स्वतः तपासून सही करायची आहे.

## टप्पा ३: दोन इन्स्ट्रक्शनचा प्रोग्रॅम लोड करा

ईएलएफ नाही, मॅक्रो नाही. यूजरस्पेसच्या क्रेटमध्ये हाताने दोन इन्स्ट्रक्शन लिहा: आर० रजिस्टरमध्ये शून्य, आणि एक्झिट. प्रत्येक इन्स्ट्रक्शन ८ बाइट. केप्रोब टाइप आणि ‘जीपीएल’ लायसन्स देऊन बीपीएफ सिस्टिम कॉलने लोड करा.

हे इतकं छोटं आहे की करायचा कंटाळा येतो, पण इथे तीन गोष्टी कायमच्या सुटतात.

पहिली, सिस्टिम कॉलला द्यायची युनियन. ती आधी पूर्ण शून्य करायची आणि मग फील्ड भरायचे. न वापरलेले बाइट शून्य आहेत का हे कर्नल बघतो, त्या कमांडला न लागणाऱ्या जागेत काही सापडलं तर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’, आणि त्याला माहीत असलेल्या साइझच्या पुढे काही सापडलं तर ‘ई-टू-बिग’.

दुसरी, व्हेरिफायरचा लॉग. आधी लॉगशिवाय लोड करा, नाकारलं तरच लॉग चालू करून पुन्हा लोड करा, आणि ‘नो स्पेस’ आलं तर बफर दुप्पट करत जा. मिळालेला लॉग एररच्या आत जसाच्या तसा ठेवा, कापू नका, सुंदर करू नका. लायब्ररी वापरणाऱ्याला शेवटी तोच वाचायचा असतो, आणि जी लायब्ररी तो लपवते ती लोक दोन दिवसांत सोडतात.

तिसरी, परवानग्या. ५.८ पासून कॅप-बीपीएफ आलं, पण ट्रेसिंगला त्यासोबत कॅप-परफमॉनही लागतं. ५.११ च्या आधीचे कर्नल मॅपची मेमरी मेमलॉक लिमिटमध्ये (प्रोसेसला किती मेमरी लॉक करता येते ती मर्यादा) मोजतात आणि लिमिट संपलं की सांगतात ‘परमिशन नाही’, मग माणूस रूट असून परवानगी का नाही म्हणून डोकं खाजवत बसतो. लायब्ररीने जुन्या कर्नलवर हे लिमिट स्वतः वाढवायचा प्रयत्न करावा आणि एरर मेसेजमध्ये ही शक्यता लिहावी.

तपासा: बीपीएफटूलच्या प्रोग्रॅम यादीत तुमचा प्रोग्रॅम दिसतो का, आणि तुमची प्रोसेस बंद झाली की जातो का. फाईल डिस्क्रिप्टर रस्टच्या ओन्ड-एफडीमध्ये ठेवलात तर जायलाच हवा.

## टप्पा ४: ईएलएफ, मॅप आणि रिलोकेशन, याच क्रमाने

आता कर्नलचा क्रेट बिल्ड करा आणि ऑब्जेक्ट फाईल वाचा. क्रम ठरलेला आहे: आधी बीटीएफ असेल तर ते लोड, मग मॅप तयार, मग इन्स्ट्रक्शनमध्ये मॅपचे डिस्क्रिप्टर भरणं (हेच रिलोकेशन), मग प्रोग्रॅम लोड, सगळ्यात शेवटी अटॅच. मॅप तयार नसताना त्याचा डिस्क्रिप्टर कुठून भरणार, तर हा क्रम बदलायला वावच नाही.

मॅपचा पत्ता घेणारी इन्स्ट्रक्शन १६ बाइटांची असते, दोन खाने व्यापते. त्यात सोर्स रजिस्टरच्या जागी १ लिहायचा, म्हणजे कर्नलला कळतं की पुढचा आकडा हा मॅपचा डिस्क्रिप्टर आहे. ग्लोबल व्हेरिएबल असेल तर १ ऐवजी २, आणि दुसऱ्या खान्यात ऑफसेट. जंपचे ऑफसेट मोजताना ही इन्स्ट्रक्शन एकच धरली की पुढचं सगळं एका घराने सरकतं, आणि लॉगमध्ये भलतीच ओळ दिसते.

सावधान: ग्लोबल व्हेरिएबल. समजा कर्नलच्या क्रेटमध्ये ‘कुठला पीआयडी बघायचा’ असं स्टॅटिक ठेवलं, सुरुवातीची किंमत शून्य, आणि लोडर लोड करण्याआधी ती बदलणार. कंपायलरला हे माहीत नाही, तो म्हणतो हे बदलत नाही, आणि शून्य थेट कोडमध्ये चिकटवून टाकतो. लोडर रोडेटा (फक्त वाचायच्या ग्लोबलांची जागा) बदलतो, प्रोग्रॅमवर परिणाम शून्य, एरर काहीच नाही. लायब्ररीने ग्लोबलसाठी वेगळा टाइप द्यावा, ज्याचं वाचन आतून व्होलटाइल रीडनेच होतं, म्हणजे वापरणाऱ्याला लक्षात ठेवावं लागत नाही.

## टप्पा ५: मॅपचा एपीआय, इथे घाई नको

सगळ्यात जास्त विचार इथे करायचा, कारण इथेच रस्टचे नियम आणि कर्नलचे नियम जुळल्यासारखे दिसतात आणि जुळत नाहीत.

मॅपमध्ये शोधलं की कर्नल पॉइंटर देतो, तो नल असू शकतो, आणि नल तपासल्याशिवाय वापरला तर व्हेरिफायर प्रोग्रॅम नाकारतो. रस्टचा ऑप्शन यावर अगदी चपखल बसतो, नॉन-नल पॉइंटर आत ठेवला की मशीन कोडमध्ये तीच एक तुलना उरते. इथपर्यंत छान. मग साहजिकच हात शिवशिवतात की आता ऑप्शनमधून सरळ रेफरन्स देऊ या, वापरायला किती गोड.

देऊ नका. निदान सेफ फंक्शनमधून तरी नको. तो पॉइंटर कर्नलच्या मेमरीत आहे, दुसऱ्या सीपीयूवर तोच प्रोग्रॅम त्याच क्षणी तिथे लिहू शकतो, यूजरस्पेस ती नोंद काढून टाकू शकतो, आणि आधीच जागा राखून ठेवणाऱ्या हॅश मॅपमध्ये तीच जागा लगेच दुसऱ्या कीला मिळू शकते, तुमच्या हातात पॉइंटर असताना. रस्टमध्ये रेफरन्स म्हणजे ‘हे माझ्यामागे बदलणार नाही’ असं वचन, आणि इथे ते वचन कोणीच पाळत नाहीये. व्हेरिफायर यात काही पकडणार नाही, त्याला मेमरीच्या हद्दीशी मतलब.

मग द्यायचं काय? तीन गोष्टी: कच्चा पॉइंटर देणारं फंक्शन, ज्याला अनेक ठिकाणी हात घालायचाय त्याच्यासाठी. छोट्या टाइपची कॉपी देणारं, त्यातही डॉक्युमेंटेशनमध्ये लिहा की अर्धवट बदललेली किंमत येऊ शकते. आणि आकडे वाढवण्यासाठी ॲटॉमिक बेरीज. मोजदाद करणाऱ्या बहुतेक लोकांना शेवटचंच पुरतं, किंवा त्याहून बरं म्हणजे पर-सीपीयू मॅप, ज्यात प्रत्येक सीपीयूची किंमत वेगळी असते.

पर-सीपीयूची यूजरस्पेसमधली बाजू लिहिताना बफर ‘ऑनलाइन’ सीपीयूंवर मोजू नका, ‘पॉसिबल’ सीपीयूंवर मोजा, /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/पॉसिबल मधून. आणि प्रत्येकाची किंमत ८ च्या पटीत वर नेलेली असते. व्हीएममध्ये ऑनलाइन ४ आणि पॉसिबल १२८ असं सहज असतं, आणि कमी पडलेल्या बफरच्या पलीकडे कर्नल लिहीत जातो. तुमच्या ‘सेफ’ लायब्ररीतून हीप करप्ट.

## टप्पा ६: कर्नलच्या बाजूचा कोड, पॅनिक आणि स्टॅक

स्टॅक ५१२ बाइट. फाईलचा पाथ ४०९६ बाइटांपर्यंत जाऊ शकतो, तो स्टॅकवर मावत नाही, त्यासाठी एका नोंदीचा पर-सीपीयू ॲरे ठेवा आणि लायब्ररीत त्याला ‘स्क्रॅच’ असं काहीतरी नाव देऊन सोपं करून द्या.

ॲरेला चौकटी कंसात इंडेक्स दिला की रस्ट हद्द तपासतो आणि चुकलं तर पॅनिक. नो-एसटीडीत पॅनिक हँडलर तुमचाच असतो आणि तो कायम फिरणारा लूप असतो, त्या वाटेने जाता येतं असं व्हेरिफायरला दिसलं की प्रोग्रॅम नाकारला. म्हणून गेट वापरा, अनरॅप आणि एक्स्पेक्ट विसरा, भागाकाराआधी शून्य तपासा. यू६४ चा चेक्ड गुणाकारही टाळा, त्याला आतून १२८ बिटांचा गुणाकार लागतो आणि तो बीपीएफमध्ये नाही. हेल्परला काय किंवा बीपीएफमधल्या इतर फंक्शनला काय, ५ च आर्ग्युमेंट जातात, त्यामुळे लायब्ररीतली छोटी फंक्शन्स इनलाइन-ऑलवेज ठेवा.

लूप ५.३ पासून चालतात, पण वरची मर्यादा व्हेरिफायरला दिसली पाहिजे. ५.२ च्या आधी प्रोग्रॅमची मर्यादा ४०९६ इन्स्ट्रक्शन होती, नंतर तपासलेल्या इन्स्ट्रक्शनची मर्यादा १० लाख झाली. १० लाख ऐकायला खूप वाटतं, चार फांद्यांचा लूप ते पटकन खातो.

## टप्पा ७: कॉन्टेक्स्ट, म्हणजे आर्ग्युमेंट नक्की कुठून वाचायचे

केप्रोबला रजिस्टरांचा स्ट्रक्ट मिळतो. एक्स८६-६४ वर पहिला आर्ग्युमेंट आरडीआयमध्ये, मग आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९. एआरएम६४ वर एक्स० पासून एक्स७. टार्गेट मात्र दोघांसाठी तेच बीपीएफ असतं, त्यामुळे कंपायलरला होस्टचं आर्किटेक्चर आपोआप कळत नाही, बिल्ड स्क्रिप्टमधून सीएफजी द्यावा लागतो. ‘दादा, माझ्या मॅकवरच्या व्हीएममध्ये चालतंय, सर्व्हरवर कचरा येतोय’ याचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

दुसरा सापळा सिस्टिम कॉलचा. एक्स८६-६४ वर ४.१७ पासून सिस्टिम कॉलच्या फंक्शनला आर्ग्युमेंट थेट मिळत नाहीत, एकच पॉइंटर मिळतो, आणि तो पॉइंटर दुसऱ्या रजिस्टर स्ट्रक्टकडे असतो ज्यात खरे आर्ग्युमेंट आहेत. म्हणजे दोनदा वाचायचं, दुसरं वाचन प्रोब-रीड-कर्नल या हेल्परने. लायब्ररीत यासाठी वेगळा कॉन्टेक्स्ट टाइप द्या, केप्रोबचाच वापरू देऊ नका.

खरं सांगायचं तर सिस्टिम कॉलला केप्रोब लावूच नये, ट्रेसपॉइंट (कर्नलने स्वतःच ठेवलेली ट्रेसिंगची ठरलेली जागा) वापरावा. तिथे फॉरमॅट फाईल वाचून ऑफसेट कळतात: ओपनॲटच्या एंटरला (कॉल सुरू होताना) पहिले ८ बाइट सामायिक, मग नंबर, १६ वर डिरेक्टरी डिस्क्रिप्टर, २४ वर फाईलनेमचा पॉइंटर, ३२ वर फ्लॅग. हे आकडे लायब्ररीत कोरून ठेवू नका, फॉरमॅट फाईलमधून कोड तयार करणारं छोटं टूल लिहा.

फाईलनेम वाचताना कधीकधी रिकामं येतं, आणि लोक तासन्‌तास स्ट्रिंगच्या कोडमध्ये शोधतात. होतं काय, तो यूजरस्पेसचा पॉइंटर आहे आणि ते पान अजून मेमरीत आलेलं नसू शकतं. बीपीएफ प्रोग्रॅम पेज फॉल्ट घेऊन थांबू शकत नाही, हेल्पर सरळ ‘ई-फॉल्ट’ देतो. उपाय: एंटरला पॉइंटर मॅपमध्ये ठेवा, की थ्रेडची आयडी, आणि एक्झिटला वाचा, तोपर्यंत कर्नलने स्वतः ते वाचलेलं असतं. मात्र एक्झिटला ती नोंद काढायला विसरू नका, मॅप भरला की नवीन नोंदी जाणं बंद.

थ्रेड आयडीवरून आठवलं: पीआयडी-टीजीआयडी हेल्परच्या वरच्या ३२ बिटांत आपण ज्याला पीआयडी म्हणतो तो असतो, खालच्या ३२ मध्ये थ्रेडचा. लायब्ररीत कच्चा यू६४ देऊच नका, दोन वेगळ्या नावांची फंक्शन्स द्या.

कर्नलच्या आतल्या स्ट्रक्टचे फील्ड वाचायचे असतील तर ऑफसेट प्रत्येक कर्नलला वेगळे. क्लँग सी कोडसाठी जी को-आरई रिलोकेशन (लोड करताना ऑफसेट चालू कर्नलप्रमाणे बदलण्यासाठीच्या नोंदी) तयार करतो त्यावर रस्टच्या बाजूने विसंबून राहता येत नाही. चालणारी वाट अशी: यूजरस्पेसने व्हीएमलिनक्सचं बीटीएफ वाचायचं, हव्या त्या फील्डचा ऑफसेट काढायचा आणि टप्पा ४ मधल्या ग्लोबलमध्ये भरायचा. बाइंडजेनने एका मशीनच्या हेडरवरून स्ट्रक्ट तयार करून सगळीकडे पाठवणं ही वाट नाही.

## टप्पा ८: इव्हेंट यूजरस्पेसला आणणं

५.८ पासून रिंग बफर (इव्हेंट यूजरस्पेसला पाठवायची सामायिक रांग) आहे, तोच मुख्य ठेवा, त्याआधीच्या कर्नलला परफ बफर. रिंगची साइझ दोनाचा घात आणि पेज साइझच्या पटीत लागते. एआरएम६४ वर काही डिस्ट्रो ६४ केबीची पानं वापरतात, तिथे ४०९६ दिलं की तयारच होणार नाही, म्हणून साइझ लोडरने गोल करून घ्यावी.

रिंगमध्ये नोंदीला जागा रिझर्व्ह केली की तिचं सबमिट किंवा डिस्कार्ड व्हायलाच हवं, नाहीतर व्हेरिफायर अडवतो. एपीआय असा करा की सबमिट स्वतः एंट्री खाऊन टाकतं आणि टाइपवर मस्ट-यूज आहे, म्हणजे चूक कंपाइल करतानाच पिवळ्या अक्षरात दिसते. नोंदी ८ बाइटांवर अलाइन होतात, त्याहून जास्त अलाइनमेंटचा टाइप कंपाइल टाइमलाच नाकारा.

यूजरस्पेसमध्ये प्रोड्यूसरची जागा आणि नोंदीचं हेडर ॲक्वायरने वाचायचं, कन्झ्युमरची जागा रिलीजने लिहायची. एक्स८६ वर साध्या वाचनानेही चालल्यासारखं दिसतं, एआरएमवर मधूनच अर्धी नोंद येते. आणि रिझर्व्हला जागा मिळाली नाही की ते मोजा. ब्रोकरच्या सिस्टिमवर ९:१५ ला मार्केट उघडलं की इव्हेंटचा लोंढा येतो, तेव्हा किती गळले हा आकडा लायब्ररीने स्वतःहून दिला नाही तर वापरणारा अपुऱ्या डेटावरून निष्कर्ष काढतो, आणि त्याला ते कळतही नाही.

## टप्पा ९: अटॅच आणि लिंकची मालकी

अटॅच केल्यावर मिळालेली लिंक ड्रॉप झाली की प्रोब सुटतो, हे रस्टला साजेसं आहे. पण नुसत्या अंडरस्कोअरला दिलेली किंमत त्याच ओळीवर ड्रॉप होते, तर अंडरस्कोअरने सुरू होणारं नाव दिलं तर स्कोप संपेपर्यंत टिकते. प्रोग्रॅम लोड होतो, एरर नाही, इव्हेंट एकही नाही. मस्ट-यूज इथे पुरत नाही कारण अंडरस्कोअर त्यालाही गप्प करतं. म्हणून डीफॉल्टला लिंक प्रोग्रॅमच्या ऑब्जेक्टने स्वतःकडे ठेवावी, आणि ज्याला हवी त्याने मागून घ्यावी.

केप्रोब लागत नसेल तर फंक्शन इनलाइन झालंय का ते अव्हेलेबल-फिल्टर-फंक्शन्स फाईलमध्ये बघा. हा सल्ला एररच्या मजकुरातच घाला.

## टप्पा १०: आता मॅक्रो

वरचं सगळं हाताने लिहिलेल्या कोडने चालतंय? मग मॅक्रो एका दिवसाचं काम आहे: सेक्शनचं नाव लावायचं, एक्सटर्न सी फंक्शन तयार करायचं, कच्चा पॉइंटर कॉन्टेक्स्टमध्ये गुंडाळायचा. याहून जास्त काही मॅक्रोत जात असेल तर ते फंक्शनमध्ये काढा, मॅक्रोतली चूक वापरणाऱ्याला वाचता येत नाही.

## टप्पा ११: वेगवेगळ्या कर्नलवर चालवा

किमान ५.४, ५.१०, ५.१५, ६.१ आणि ६.६ वर क्यूएमयूमध्ये (व्हीएम चालवणारं टूल) टेस्ट चालवा, प्रत्येक कमिटला. आणि कर्नलचा व्हर्जन नंबर बघून फीचर ठरवू नका. बँका आणि जुन्या एंटरप्राइझ सेटअपमध्ये अजून आरएचईएल ८ (रेड हॅटचं लिनक्स) भेटतं, त्याचा कर्नल ४.१८ म्हणवतो पण त्यात बीपीएफची नंतरची कितीतरी कामं बॅकपोर्ट झालेली आहेत. उलट, नवीन कर्नलवर लॉकडाउन मोड कॉन्फिडेन्शियलिटीवर असला तर कर्नल मेमरी वाचणारे हेल्परच बंद. फीचर आहे का हे बघायला छोटा प्रोग्रॅम लोड करून बघा किंवा मॅप तयार करून बघा, उत्तर कॅशमध्ये ठेवा.

टेस्टमध्ये नाकारले जायला हवेत असेही प्रोग्रॅम ठेवा: नल न तपासलेला, सबमिट विसरलेला, स्टॅक ओलांडणारा. लायब्ररी त्यावर नेमका व्हेरिफायरचा लॉग परत देते का, एवढं तपासा.